चतुर्दशीला पुरा झालेला क्लोन

सांगलीत हळदीची अडत चालवणाऱ्या गोमटेश चौगुलेला कुठलीही गोष्ट उसवून बघायची भारी खोड. दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क कुरकुरायला लागली, तसं तिची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, मोठ्या पेनड्राइव्हवर घ्यायचं त्यानं मनावर घेतलं. दुपारी सौदे आटोपले की तो काम लावून द्यायचा आणि जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून घर गाठायचा. परत येऊन बघावं, तर क्लोन अर्ध्यातच फसलेला! त्यानं पोर्ट बदललं, पेनड्राइव्ह बदलला, विकणाऱ्यावर डाफरूनही झालं.

चतुर्दशीला त्याचा उपास होता. जेवायला जायचं नव्हतं, म्हणून तो उगाच माउस हलवत पडद्यापुढंच बसला, आणि क्लोन बिनबोभाट पुरा झाला. गोमटेश चक्रावला. सगळी सेटिंगं उसवली, तेव्हा उलगडा झाला: बराच वेळ कुणी हात लावला नाही की कॉम्प्युटर झोपी जायचा आणि क्लोन तिथंच तुटायचा.

घरी त्यानं हे आईला, आक्काताईंना, रंगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आरं, मालकाची पाठ फिरली की झोपणारा गडी तू पैल्याच दिवशी धरला असतास. ह्यो कसा रं इतके दिवस सुटला?"