मी गाडी धरली

नऊ वर्षं झाली, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. आता तुम्हाला सांगतो आहे तर एक गोष्ट आधीच ऐकून घ्या — मला धीर द्यायचा नाही. ‘होतं असं एखाद्या वेळी’ हे मी स्वतःलाच इतक्यांदा म्हणून पाहिलंय, की आता ते ऐकलं तरी चीड येते.

मी देवळीचा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. साठी उलटली, तरी दर रविवारी खडकांवर मोटरसायकल चढवतो. गावात मला येडा म्हणतात. म्हणोत. ही वेगाची शर्यत नाही. ट्रायल्स म्हणतात याला. नाल्यातले दगड, चढ, झाडांची मुळं — यांतून गाडी माणसाच्या चालीनं न्यायची आणि पाय खाली टेकवायचा नाही. टेकला की गुण गेला. बस, एवढाच खेळ. पण जुन्या, जड गाडीवर तो करून पाहा, मग येडा म्हणा.

गाडी प्रमोदनं शोधली. हे सांगायलाच हवं, कारण सगळ्यांना वाटतं मी शोधली — आणि मीही कधी कोणाला थांबवलं नाही. प्रमोद माझा शाळेपासूनचा दोस्त. वीज खात्यात लाईनमन. आर्वीत कापसाचं एक जुनं जिनिंग पाडायला काढलं होतं, तिथली लाईन तोडायला तो गेला आणि मागच्या खोलीत बारदान्याखाली त्याला एक हँडल दिसलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेला. साडेतीनशे सीसीची विलायती गाडी, एका सिलिंडरची, याच खेळासाठी बनवलेली. तिथे ती कोणी आणली, कधी आणली, मालकालाही माहीत नव्हतं. उचलून न्या, म्हणाला, तेवढीच जागा मोकळी होईल.

साडेतीन वर्षं लागली. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून इतका घट्ट बसला होता की आठवडाभर रॉकेल ओतून ठेवावं लागलं. सांध्यांतले झिजलेले बुश मी स्वतः लेथवर नव्यानं काढले. चाकांच्या तारा एकेक करून नव्यानं ओवल्या. टाकी ॲल्युमिनियमची, जागोजागी चेपलेली — ती आतून लाकडी ठोकणीनं हळूहळू उठवली, महिनाभर. प्रमोद ड्युटी संपवून यायचा आणि पत्र्यावर बसून फ्रेमचा गंज घासायचा. नाकातोंडात लाल भुकटी जायची. ती गाडी निम्मी त्याची होती. निम्मी — की जास्त? मी हा हिशोब कधी पुरा केला नाही, कारण उत्तर मला परवडणारं नव्हतं.

आर्वीकडच्या टेकड्यांत एक नाला आहे, पावसाळा सोडला तर कोरडाच. तिथे छातीएवढा उंच एक खडक आहे. त्यावर गाडी चढवणं हीच आमची परीक्षा. एक जण चढवायचा, दुसरा खाली बाजूला उभा राहायचा. गाडी उलटून मागे आली, तर खालच्यानं काय करायचं हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं — गाडी ढकलून द्यायची आणि माणूस धरायचा. हे मीच ठरवलं होतं. शिकवायची सवय ना! प्रमोदला दोनदा म्हणूनही दाखवायला लावलं.

त्यानं ते पाळलं. एका रविवारी मी वरून मागे आलो, तर त्यानं मला कमरेला मिठी मारून बाजूला ओढलं. गाडी दगडावर आपटली आणि टाकीला हाताच्या तळव्याएवढा पोचा पडला. मला साधं खरचटलंही नव्हतं. आणि मी काय केलं? आठ दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. एका हातानं तरी धरायची होती, असं म्हणालो. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतो आहे.

मग तो मार्चमधला रविवार. सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन अजून चढलं नव्हतं. टाकीचा पोचा मी पुन्हा उठवला होता, पॉलिश करून दोनच दिवस झाले होते. प्रमोद खडकावर गेला. पुढचं चाक वर टेकलं, मागचं घसरलं, आणि गाडी उभीच झाली. तो उजवीकडे पडायला लागला, गाडी डावीकडे, माझ्या अंगावर. त्याचा हात माझ्याकडे आला होता. मला तो हात दिसला. पाचही बोटं दिसली. अर्ध्या क्षणाची गोष्ट आहे, मान्य. पण अर्ध्या क्षणात माणसाला पुष्कळ काही दिसतं — मला हात दिसला आणि टाकी दिसली.

मी गाडी धरली.

दोन्ही हातांनी, छातीशी, जसं कोणी पोर धरावं. प्रमोद दगडांत पडला. गुडघा दोन दगडांच्या मध्ये गेला. जो आवाज झाला, त्याचं वर्णन मी करणार नाही.

इथे तुम्ही म्हणाल — हात आपोआप जातात, त्यात माणसाचा काय दोष? मीही हेच म्हटलं असतं. पण पुढचं ऐका. गाडी माझ्या हातात चालू होती. मी ती बंद केली. सपाट जागेवर नेली. स्टँड लावला. स्टँडखाली माती भुसभुशीत होती म्हणून एक चपटा दगड शोधून घातला. पेट्रोलचा नळ बंद केला. आणि मग — मग मी प्रमोदकडे गेलो. हे हात आपोआप करत नाहीत. हे मी केलं.

जीप मिळवून त्याला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. त्याची बायको वंदना धावत आली, तिला मी सांगितलं की माझा पाय मुरमावरून घसरला, नाहीतर धरलंच असतं. किती सहज निघालं तोंडातून! ती रडत म्हणाली, भाऊजी, तुम्ही होते म्हणून वेळेवर आणता तरी आलं. मी मान हलवली. ऑपरेशननंतर प्रमोद शुद्धीवर आला. मी पलंगाशी उभा होतो. पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे?

“गाडीले काई झालं तं नाई ना?”

मी नाही म्हणालो.

“बरं झालं,” तो म्हणाला. “तुही साडेतीन वर्षाची मेहनत होती.”

त्याचा गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. खांबावर चढणं संपलं. ज्या माणसाला वादळानंतर सगळ्यात आधी बोलावायचे, तो ऑफिसात फोनवर तक्रारी लिहून घ्यायला बसला. मुरमाची गोष्ट त्यालाही मी तीच सांगितली होती. तो ती गावभर सांगत फिरला, माझ्या बाजूनं. कोणी म्हटलंच की दोस्त असून धरता आलं नाही का, तर हाच भांडायचा. वर्ध्याला जुन्या गाड्यांचा मेळावा झाला, तिथे या गाडीसाठी मला शाल दिली. समोरच्या रांगेत काठी टेकून हा टाळ्या वाजवत होता. मी शाल घेतली. अंगावरही घेतली.

नऊ वर्षं हे असंच चाललं, पुढेही चाललं असतं. खरं सांगतो, चालू दिलं असतं. पण गेल्या महिन्यात तो त्याच्या मुलीला घेऊन आला. ऋतुजा आता कॉलेजात आहे, एकोणीस वर्षांची. तिला ही गाडी शिकायची आहे. मी सुरुवातीचं शिकवलं, ती बापापेक्षा चांगली चालवते. मग तो तिला घेऊन नाल्यावर आला, त्याच खडकापाशी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “खाली तू उभा राह्यशीन तं मले काई टेन्शन नाई.”

ऋतुजा हेल्मेटचा पट्टा बांधत होती. मी प्रमोदला बाजूला नेलं आणि सांगितलं. मुरूम नव्हता. पाय घसरला नव्हता. मी गाडी धरली होती. मग बाकीचंही सांगितलं.

मग त्यानं विचारलं, “पह्यले स्टँड लावला?”

“हो.”

“नळ बी बंद केला?”

“केला.”

तो वळला. पोरीला म्हणाला, हेल्मेट काढ, घरी चाल. ती म्हणाली, काऊन? काय झालं? त्यानं काठी उचलली. तिनं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. दोघं उतारावरून गेले, तो काठी टेकत, ती त्याच्या कोपराला धरून.

त्यानंतर तो आलेला नाही. वंदनाचा एकदा फोन आला. ती फक्त म्हणाली, ती गाडी विकून टाका. मी नाही म्हणालो. ती विकून मी चांगला माणूस होईन, असं वाटत असेल तर तो तुमचा भोळेपणा. गाडीनं काही केलं नाही, केलं ते मी. ती माझ्याकडे राहील, मी चालवीन. लोकांनी आता मला काय म्हणायचं ते म्हणावं, येड्यापेक्षा वाईट शब्द पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच बरोबर आहेत. प्रमोदकडे मी माफी मागितली नाही. मागितली तर त्याला उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझंही त्याच्यावर टाकायचा मला हक्क नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. त्या सकाळी दगडांतून त्याच्या गुडघ्याचा आवाज आला तेव्हा गाडी माझ्या मिठीत होती. मी टाकीवरून हात फिरवून पाहिला. कुठे पोचा नव्हता. आणि मला आनंद झाला.