एक मिनिट बावीस सेकंद

रविवार होता. १९८८ सालचा ऑगस्ट, नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार. पहिली पाळी, सकाळी सात ते दुपारी तीन. प्लँटवर हजर दोघं : ऑपरेटर म्हणून मी आणि मदतनीस म्हणून हरेश्वर. रक्कम एक मिनिट बावीस सेकंद.

रक्कम म्हणतो, कारण मला दुसरा शब्द सुचत नाही. ही नोंद कुठल्याही कागदावर नाही. बायकोला माहीत नाही. माझा भाऊ गेला, त्याच्या आजारपणात आम्ही दोघांनी एकमेकांना बरंच काही सांगितलं — हे मात्र सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत केबल आली. मग दीडेक महिन्यापूर्वी एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरवर तारीख लिहीत होतो — नवीन सिलिंडर लावला की मी खडूने तारीख लिहितो, आमच्याकडे तो एकतीस दिवस जातो — आणि बाहेरून ती धून आली. आधी बासरी, मग सतार, शेवटी पुन्हा बासरी. बायको म्हणाली, "अहो, या लवकर, तुमची मालिका लागलीय." मुलगी पाचवीत आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या वेळचं म्युझिक किती स्लो होतं."

मी खडू हातात धरून तिथेच उभा राहिलो. लोकांना म्हणे जुनी धून ऐकली की शाळेतले मित्र आठवतात, सुटीच्या दिवशीचे पोहे आठवतात. मला वाफ आठवते.

मालिकेचं नाव सांगत नाही. त्या वर्षांत रविवारी सकाळी नऊला टीव्हीवर लागायची. नऊ ते नऊ चाळीस. बोईसर स्टेशनबाहेरचे रिक्षावालेसुद्धा तेव्हा भाडं घेत नसत. माझ्या भाड्याच्या खोलीत टीव्ही नव्हता, पण आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये होता, चौदा इंची, काळा-पांढरा. तारापूरच्या वसाहतीतला तो रंगाचा कारखाना. रविवारी साहेब लोक नसायचे, पण प्लँट बंद करता येत नसे. म्हणून आम्ही पद्धत पाडली होती — जोडीतल्या एकाने एका रविवारी जायचं, दुसऱ्याने पुढच्या रविवारी. आणि जोडीदाराचं नाव कधीही, कुणापुढेही घ्यायचं नाही. ही पद्धत कोणी लिहिली नव्हती. लिहिलेल्या नियमांपेक्षा ती जास्त पाळली जायची.

हरेश्वर नवापूरचा. घर कोळ्यांचं, बापाची होडी होती; ती भावांच्या वाटणीत गेली आणि हा कारखान्यात आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मला भाऊ म्हणायचा. मी सांगलीकडचा, बी. एस्सी. झालेला, म्हणून असेल. चार वर्षं आम्ही एका पाळीत होतो. डब्यात त्याच्याकडे सुके बोंबील असायचे आणि माझ्याकडे भाकरी. ते दोन्ही एकत्र झाल्याशिवाय आम्ही जेवत नसू.

काम सोपं होतं. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन पुरुष उंचीचं बंद पातेलं. आत माल शिजतो, बाहेरून थंड पाणी फिरत राहतं, म्हणून तो भडकत नाही. तापमान त्रेसष्टच्या आसपास ठेवायचं, सत्तरच्या वर जाऊ द्यायचं नाही. दर पाव तासाने आकडा बघायचा आणि लॉगशीटवर लिहायचा. आकडे लिहिण्यात माझा हात धरणारा तिथे कोणी नव्हता. नवीन मुलगा लागला की मॅनेजर त्याला माझी शीट दाखवायचे.

त्या रविवारी मी जागेवर नव्हतो. हे झालं पहिलं. पण एवढंच असतं तर अकरा वर्षं लपवायला लागलं असतं का? तेव्हा सगळेच जायचे. कँटीनमध्ये त्या सकाळी अठरा माणसं होती, त्यातली अकरा ड्युटीवरची. मी मोजली होती. मी मोजतोच.

नऊला दहा कमी असताना हरेश्वर म्हणाला, "भाऊ, आज माझा नंबर हाय." खरं होतं. मागचा रविवार माझा होता. पण मागचा भाग अशा ठिकाणी संपला होता की — काय सांगू, आता तो भागही धड आठवत नाही. मी म्हणालो, पुढचे दोन रविवार तुझे. तो हसला. "तुझा दर भाग महत्त्वाचाच अस्तो. जा. पन पान्याचा आवाज बारीक झालाय, जरा बगून जा."

तो काटे बघण्यापेक्षा कानाने जास्त काम करायचा. मी पाण्याच्या दाबाचा काटा पाहिला. दोनवर असायला हवा होता, दीडच्या जरा वर होता. मी शीटवर दोन लिहिले.

मग पुढचे आकडेही लिहिले. नऊ वाजताचे बासष्ट. सव्वानऊचे त्रेसष्ट. साडेनऊचे त्रेसष्ट. पावणेदहाचे पुन्हा बासष्ट. सगळीकडे एकच आकडा लिहिला की तपासणाऱ्याला शंका येते, म्हणून एक खाली, एक वर. जी वेळ अजून आली नव्हती, तिचं तापमान मी लिहून ठेवलं आणि पेन खिशाला लावून कँटीनकडे गेलो. अंतर एकशे दहा पावलं. भरभर चाललं तर पन्नास सेकंद.

भाग चांगला झाला असावा. सगळे गप्प होते. गोष्ट संपली, पडद्यावर नावं सरकायला लागली आणि ती धून सुरू झाली — तीच, जी सुरुवातीला असते. एक मिनिट बावीस सेकंदांची. मी पूर्वी मनगटी घड्याळ लावून ती मोजली होती. का मोजली होती? आवडायची म्हणून. मला आवडलेली गोष्ट मी मोजतो. माझ्यापाशी आवडीची दुसरी रीत नाही.

तेवढ्यात दारात हरेश्वर आला.

अंगावरचा शर्ट घामाने चिकटलेला. दाराच्या चौकटीला एक हात लावून तो मला शोधत होता. फिटर खात्यातला एकजण ओरडला, "काय रे हऱ्या, होडी फुटली का काय?" सगळे हसले. मीही हसलो. हरेश्वर हसला नाही. त्याने माझ्याकडे बघून बोट वर केलं — तापमान चढतंय, याची ती आमची खूण. चार वर्षांत त्याने ती विनाकारण कधी केली नव्हती.

मी तळहात दाखवला.

थांब. एवढं संपू दे. असा — हा, असा उजवा हात. कँटीनचा भैया ग्लास गोळा करत होता, तो मला म्हणाला, "जाइए ना साब, अब तो खाली नाम आ रहा है." त्यालासुद्धा कळलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

हरेश्वर क्षणभर उभा राहिला आणि पळत परत गेला.

तुम्ही म्हणाल, धून आवडायची म्हणून बसलो. नाही. खरं सांगायचं तर त्या सतरा माणसांसमोर मदतनिसाच्या एका बोटावर उठून पळायचं मला कमीपणाचं वाटलं. तेव्हा उठलो असतो तर कागदावर लिहून आलेले माझे आकडे खोटे आहेत, हेही सगळ्यांना दिसलं असतं. यातलं कुठलं किती, ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

पाणी थांबलं आणि माल तापला, तर दोघांनी मिळून काम करायचं असतं. एकाने खाली जादा पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचा, दुसऱ्याने वर चढून वाफेची वाट थोडी थोडी मोकळी करायची. आधी पाणी, मग वाफ. एकट्याने दोन्ही होत नाही. हरेश्वर एकटा होता. तो सरळ वर चढला.

सतार संपून शेवटची बासरी लागली होती तेव्हा आवाज आला. स्फोट नव्हे. मोठ्या कुकरची शिट्टी अडकून एकदम सुटावी तसा. बावीस-एक सेकंद उरले असतील. ती धून माझी अर्धी राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

मी त्याला कारखान्याच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. मांडीवर डोकं घेऊन. तो सारखं विचारत होता, "पानी सोडलंस काय?" मी हो म्हणालो. पाणी दुसऱ्याच कोणीतरी सोडलं होतं. त्याचा डावा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.

महिन्याभराने चौकशी बसली. मॅनेजर, ऑफिसातले एक साहेब, युनियनचा एक माणूस. टेबलावर माझी लॉगशीट. हरेश्वरला विचारलं, तेव्हा ऑपरेटर कुठे होता?

मी बाहेर बाकावर होतो, दार उघडं होतं. एवढ्या दिवसांत मी त्याला काही सांगितलं नव्हतं, विनवलं नव्हतं. तो म्हणाला, "हितंच व्हता. माज्या बाजूला."

आमची पद्धत त्याने पाळली. आणि ती पाळल्यामुळेच त्याची नोकरी गेली — हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. कारण ऑपरेटर जागेवर होता, तर शीटवरचे आकडे खरे. आकडे खरे, तर साडेनऊला तापमान त्रेसष्ट. त्रेसष्टला कोणी वाफेचा व्हॉल्व्ह उघडत नाही. मग याने न सांगता, न विचारता का उघडला? साहेबांनी त्याला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "वाढलंवतं साहेब. मी बगितलं." साहेब म्हणाले, इथे तर तसं लिहिलेलं नाही.

मग मला आत बोलावलं. आकडे तुमचेच ना? मी म्हणालो, हो. तेवढंच विचारलं, तेवढंच सांगितलं. मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. आकडे माझेच होते.

कँटीनमधल्या सतरा जणांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर ते स्वतः कुठे होते, हे सांगावं लागलं असतं. आणि टीव्ही काढून नेला असता. पुढच्या रविवारी पुन्हा अठरा माणसं जमली. मी त्यात नव्हतो, इतकंच.

हरेश्वरला कामावरून कमी केलं. निष्काळजीपणा. पुढच्या सुरक्षा सप्ताहात उत्तम नोंदींबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते अजून चालतं. महिन्याला दोन मिनिटं पुढे जातं, मी दर एक तारखेला मागे घेतो.

त्याची बायको बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. बरीच वर्षं मी त्या रांगेला जायचं टाळलं. एकदा सापडलो. ती शेजारणीला म्हणाली, "यानीच आमच्या मान्साला जीपीतनं नेलं." पापलेटाचे पैसे घेईना. मी पैसे टोपलीत टाकून आलो, आणि तिने मागून हाक मारून सुटे परत केले.

केबलवर ती धून लागली, त्यानंतर पाच रविवार गेले. सहाव्या, म्हणजे गेल्या रविवारी स्टेशनवरून रिक्षा धरून मी नवापूरला गेलो. सगळं सांगायचं ठरवून. रस्ताभर पहिलं वाक्य जुळवत होतो. हरेश्वर ओटीवर जाळं पसरून बसला होता. जाळं दुसऱ्याचं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून तो सुई डाव्या हाताने चालवायला शिकलाय. मला पाहून त्याने आत आवाज दिला, "भाऊ आलाय, च्या ठेव."

त्याच्याकडेही केबल होती. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. मालिका नुकतीच संपली असावी, कारण मी चप्पल काढत असतानाच ती धून सुरू झाली. मी तोंड उघडलं होतं. पहिले दोन शब्द बाहेर आले असतील.

हरेश्वरने हसून आतल्या बाजूला बोट केलं. "बस, भाऊ. तवा तुजी अर्धीच ऱ्हायली. आज पुरी आईक."

रागाने नाही. खवचटपणेही नाही. डब्यातले बोंबील पुढे करायचा, त्याच आवाजात. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं — मी कशासाठी बसून राहिलो ते, आणि आकडे कसे लिहिले तेही. चौकशीत बोलला तेव्हाही. आणि मला वाटत होतं की त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मी बसलो. सतार झाली, बासरी झाली. एक मिनिट बावीस सेकंद पूर्ण ऐकली. मग चहा आला. मी विचारलं, यंदा मासळी कशी आहे? तो म्हणाला, नाल्याचं लाल पानी खाडीत येतंय, लांब जावं लागतं. अर्धा तास आम्ही त्यावर बोललो. मी उठलो आणि आलो.

तर, शेवटी दिलं गेलं ते असं. कारखान्याकडून हरेश्वरला, सात वर्षांच्या नोकरीचा सगळा हिशेब मिळून, नऊ हजार एकशे चाळीस रुपये. व्हाउचरवर त्याची डाव्या हाताची वाकडी सही आहे, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी. माझ्याकडून त्याला, गेल्या रविवारी, पाव किलो पेढे.