बाबांची पीएफएक्स फाइल

बाबा निवृत्त झाले आणि डोंबिवलीच्या घरी बसून मेलला कुलूप लावायला शिकले. मी तेव्हा नोकरीसाठी बंगळुरात होतो. दोघांसाठी डिजिटल प्रमाणपत्रं काढून त्यांनी मला फोनवर बजावलं, "पीएफएक्स फाइल जपून ठेव. तिच्यात प्रमाणपत्रही असतं आणि खाजगी किल्लीही. किल्ली गेली की माझे मेल वाचता येणार नाहीत."

जपली की! ठाण्याला परतताना लॅपटॉप विकायचा होता. प्रत काढायला गेलो तर त्याने विचारलं, खाजगी किल्लीही बाहेर काढू का? मी पडलो सावध माणूस. खाजगी गोष्ट बाहेर कशाला? 'नाही' दाबलं. हाती आली सीईआर फाइल, म्हणजे नुसतं प्रमाणपत्र. किल्ली लॅपटॉपबरोबर विकली गेली.

परत आल्यावर दर रविवारी डोंबिवलीत भेटच व्हायची, त्यामुळे मेल थांबले आणि माझा पराक्रम झाकला गेला. यंदा, बाबा गेल्यावर, ठाण्यात बाळकुमच्या माझ्या घरी बसून त्यांचे जुने मेल वाचावेसे वाटले. एकही उघडेना. ताईला फोन केला.

"धन्य आहेस! अरे, पाठवलेल्या प्रती बाबांच्या खात्यात असतील. त्या त्यांच्या किल्लीने उघडतात."

"त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला ना?"

"समोरच्या काकूंकडे जा."

डोंबिवलीत आमच्या मजल्यावर प्रत्येक घराची जादा किल्ली समोरच्या घरी असायची. काकूंनी कपाटातून आमची काढून दिली. तिला दोऱ्याने पेनड्राइव्ह बांधलेला.

"ही पण चावीच, म्हणालेले तुझे बाबा. मी म्हटलं, असेल बाई."

पासवर्ड ताईकडे निघाला. "फाइल आणि पासवर्ड एका घरात नको, म्हणालेले."

"आणि माझ्याकडे काय ठेवायचं?"

"तुझ्याकडे काहीच नको, असंही म्हणालेले."

काकूंच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. फाइल बसली, पासवर्ड लागला आणि पहिला मेल उघडला. एवढ्या बंदोबस्तात बाबांनी लिहिलं होतं: 'आज पाणी आलं नाही. दिवाळीला येताना बॅग अर्धी रिकामी आण. मागच्या वेळी फराळ मावला नाही, तुझी आई दोन दिवस हळहळत होती.'

मला पुढचं दिसेना. काकू म्हणाल्या, "काय रे, काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"हे तर त्यांनी तेव्हाच जिन्यात सांगितलेलं," काकू म्हणाल्या आणि गॅस बारीक करून समोर येऊन बसल्या. "पुढचा वाच."