नवी वायर मुरवाची होती

लेकराच्या तोंडात तांब्याची तार! मी कनीक मळून राह्यली होती, तशीच भरल्या हातानं धावली, वायर वढली, तं मांगचं टोक सुटलं अन् गानं खटकन बंद. लेकरू रडे, मी बी रडो. बोट घालून जीभ पाह्यली, ओठ पाह्यले. काईच झालं नोयतं.

आमच्या घरी साऊंडचा धंदा हाय. हे लग्नाले स्पीकरचे बॉक्स लावतात. नवी वायर मुरवा लागते म्हने, चार दिवस सारखं हळू गानं लावून ठेवलं का मंग आवाज मोकळा होते. नवा माठ आपन भिजवतोच ना, म्हून मले बी पटलं. हे कामरगावले ऑर्डरीवर गेले अन् मले सांगून गेले, "बंद नोको करू, नाई तं पयल्यापासून."

तो पयलाच दिवस होता. म्यां वायर परत लावलीच नाई. हातच होये ना. इथं सासरी रिठदात माहं कोनी नाई, भितीपल्याडची काकू तेवढी.

ते तिकडूनच वरडली, "कावं, मेली का तुयी वायर?"

"मुराले ठेवली काकू."

"लोनचं हाय का ते? बरं झालं माय, डोस्कं तरी थंड झालं."

घर असं चूप झालं का लेकराचा श्वास आयकू ये. अन् मले अजूनच एकटं वाटलं.

ह्यायचा रोज फोन ये. लेकराचं नाई इचारत, माहं नाई. "वाजून राह्यलं ना?" मी हो म्हनो. तिकडं मंडपात एवढा गलका, ह्यायले काय समजते?

चार दिवसानं हे आले, वायर जोडली, डोये मिटून आयकत बसले. "आयक! पयले कसा बसका होता, आता पाह्य कसा मोकळा झाला! तुयाच्यानं झालं हे." लगन झाल्यापासून माह्याकडं पाहून असे हासले नोयते.

"आता साऱ्या वायरी तूच मुरवजो. उद्या नवं बंडल आनतो."

लेकरू आता उभं राहून राह्यलं, दिसलं ते वढते. तार तोंडात गेली होती सांगो, तं म्हनतीन, तुयं ध्यान कुठं होतं? वायर वाजलीच नाई सांगो, तं ते हासू जाते. अन् नाई सांगो, तं उद्या परत मी, लेकरू अन् ते उघडी तार, दिवसभर एकल्या घरात.

तुमी असत्या तं काय केलं असतं वं बायांनो?