वीतभर उंची

विल्फ एंटविसलचं घर गार आहे, हे इंग्लंडातल्या ॲक्रिंग्टन गावच्या त्या चढावरच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याची बायको नोरा घरातसुद्धा कोट घालून टीव्ही बघायची. कुणी विचारलं, "कुठं निघालीस?" की म्हणायची, "कुठं नाही गं, स्वयंपाकघरात जाऊन येते!"

एका नाताळला लेक लॉरेन तान्ह्या पोरीला घेऊन आली आणि एका रात्रीत परत फिरली. "डॅड, हे घर आहे की मासळीचं कोल्ड स्टोरेज? घर उबदार झाल्याशिवाय मी बाळाला इथं आणायची नाही." विल्फने जन्मभर बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त केली आणि साहेबाचंही वाकडं बोलणं कधी ऐकून घेतलं नाही. लेकीपुढे मात्र त्याचं पाणी पाणी व्हायचं, आणि तिला हे पाळण्यात असल्यापासून कळलेलं होतं.

घरातली ऊब जाते छपरातून. म्हणून उन्हाळ्यात विल्फ शिडी लावून पोटमाळ्यावर चढला, तोंडाला फडकं बांधलं आणि तुळयांच्या मधे काचेच्या लोकरीचा एक थर पसरला. त्यावर आडवा दुसरा. वर फळ्या टाकायच्या, पण लोकरीवर दाबून नाही. आधी प्लास्टिकचे पाय उभे करायचे, मग त्यांच्यावर फळ्या. लोकर फुगलेली असते तोवरच ऊब धरते. एकदा चेपली की असून नसल्यासारखी. हे विल्फला पक्कं माहीत होतं. माहीत नसतं तर मला त्याचा एवढा राग आला नसता.

त्याने हौसेने लॉरेनला फोन केला.

"फळ्या टाकतोयस? मग आमची खोकी राहतील की तिथं! इथं फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पण उंची पुरेल ना रे? नाहीतर एकावर एक बसायची नाहीत."

छप्पर मुळात बुटकं. पायांनी आणखी वीतभर उंची जाणार होती. विल्फने पाय पिशवीतच ठेवले आणि फळ्या थेट लोकरीवर दाबून स्क्रू पिळले.

खालून नोरा ओरडली, "अरे, ते पाय कुठं गेले?"

"लागत नाहीत."

"पाकिटावर लिहिलंय, लागतात म्हणून."

"पाकिटाला लेक आहे का?"

"नाही, पण अक्कल आहे!"

पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी लॉरेन आणि जावई डॅरन भाड्याची व्हॅन घेऊन आले. डॅरनने खोकी वर चढवली, अगदी छपराला भिडेपर्यंत. नोराने मागच्या खोलीतल्या पलंगावर नव्या चादरी घातल्या होत्या, गरम पाण्याची पिशवीही ठेवली होती. लॉरेनने चहा घेतला तो कोट घालूनच. बाळाचं नाक लाल झालेलं.

"अजून गारच आहे, डॅड. मग इतके दिवस केलंस तरी काय?"

तुझ्या खोक्यांना जागा केली, असं म्हणायला किती वेळ लागतो? विल्फने नुसती बाळाची टोपी कानांवर ओढली. अंधार पडायच्या आत मंडळी लीड्सला, डॅरनच्या आईकडे गेली. नोराने चादरी काढल्या नाहीत. "आपलेच दात, आपलेच ओठ," एवढंच म्हणाली आणि पिशवी स्वतःच्या पायाशी घेऊन झोपली.

नवीन वर्ष लागल्यावर विल्फने सगळी खोकी मागच्या खोलीत उतरवली. फळ्या उचकटल्या, चेपलेली लोकर काढून नवी घातली, पाय उभे केले आणि फळ्या पुन्हा बसवल्या. गुडघे गेले कामातून, पण घर तापलं. कधी नव्हे ती नोरा नुसत्या स्वेटरवर घरभर फिरायला लागली. छपराखाली आता चार बसकी खोकी तेवढी मावली. बाकीची पलंगावर, खिडकी झाकेपर्यंत, रचलेली राहिली.

ईस्टर जवळ आला तसा त्याने फोन लावला. "घर मस्त उबदार झालंय गं. या आता. बाळ उघड्या पायांनी दुडुदुडु धावेल."

"खरंच? कमाल केलीस, डॅड! मागच्या खोलीत झोपायचं ना आम्ही?"

"हो... म्हणजे पलंगावर तुझी खोकी आहेत. वर मावत नाहीत आता. थोडी घेऊन गेलीस तर—"

"आता कुठं नेऊ मी ती?" पलीकडे लॉरेन डॅरनशी काहीतरी बोलली. "मग राहू दे, डॅड. आम्ही लीड्सलाच जातो. आणि ती फार उंच रचू नकोस हं, त्यात काचसामान आहे."

"बरं," विल्फ म्हणाला.

त्याने फोन ठेवला. नोरा दारातच उभी होती. "काय म्हणाली? कधी येतेय?"

"काचसामान जपा म्हणाली."