हप्ता फिटेस्तोवर

कर्ज देताना बँकवाले एक गोष्ट सांगत नाहीत. कर्जाबरोबर किस्से फुकट मिळतात! हप्त्याचे पैसे जातात ते जातात, किस्सा मात्र घरातच राहतो. आमच्या घरात एवढे साठलेत की कंपनीत डबा खाताना मी एक काढला की पोरी म्हणतात, "वैशालीताई, अजून एक!" आता सांगायला मजा वाटते, कारण गेल्या महिन्यात सगळं फिटलं. तेव्हा हसायची सोय नव्हती.

आधी थोडक्यात सांगते. आमचे हे, संतोष, सणसवाडीत मशीन ऑपरेटर होते. परमनंट! ती नोकरी सोडून ह्यांनी माझ्या माहेरी, भांडगावला, सोलापूर रोडच्या कडेला हॉटेल टाकलं. त्यासाठी पर्सनल लोन काढलं, ते पुरेना म्हणून क्रेडिट कार्ड वापरलं, तेही पुरेना म्हणून माझं गंठण बँकेत ठेवलं. हॉटेलचं नाव 'आपलंच घर'. मिसळ खरंच झणझणीत व्हायची हो! पण थोड्याच दिवसांत समोरचा डिव्हायडरमधला कट बंद झाला. पलीकडच्या गाड्यांना वळताच येईना. ओळखीची माणसं पलीकडून हात करायची आणि तशीच पुढं जायची.

हॉटेल बुडालं. आम्ही परत सणसवाडीत भाड्याच्या खोलीत आलो. हे कॉन्ट्रॅक्टवर लागले, मी पॅकिंगला. आमची पिऊ लहान, तिला बघायला वडगाव रासाईवरून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. बाकीचं आता एकेक किस्सा करून ऐका.

*

हॉटेलचा माल विकला, पण लोखंडी फ्रेमचा तो मोठा बोर्ड कोण घेणार? आमच्या मोरीवरचा पत्रा गळायचा. ह्यांनी बोर्डच उचलून वर टाकला. अक्षरं रस्त्याच्या बाजूला. 'आपलंच घर. घरगुती जेवण मिळेल.'

एका दुपारी आम्ही दोघं कामावर असताना ट्रकवाले तिघं दारात आले. "माताजी, खाना मिलेगा?"

आत्यांना हिंदी फार येत नाही, पण 'खाना' कळलं. त्यांनी पिठलं टाकलं, गरम भाकरी थापल्या, वर ठेचा वाढला. तिघं पोटभर जेवले आणि पैसे विचारायला लागले, तर आत्या भडकल्या. "घरी जेवल्याचं पैसं देतात व्हय रं कुणी?"

संध्याकाळी हे आले. पिठाचा डबा बघितला आणि डोक्याला हात लावला. "आई, हाटेल चालू होतं तवा कुणी फिरकत नव्हतं. आन् आता बंद पडल्यावर तू फुकट वाढायला लागलीस?"

आत्या शांतपणे म्हणाल्या, "तिघंबी पुन्यांदा येतो म्हणालं. तुझ्याकडं कोण आलं होतं का पुन्यांदा?"

*

मग ह्यांनी घरात मीटिंग घेतली. खोली एक, मेंबर चार. बाहेरचं खाणं बंद, केबल बंद, चहा दिवसातून दोनदाच. आत्यांना पाच वेळा लागतो. मला वाटलं आता भांडण होणार, पण आत्या "बरं" म्हणून उठल्या.

आठवड्याभरानं शेजारची गीताभाभी मला नळावर भेटली. मूळची बिहारची. हसत म्हणाली, "दीदी, अम्माजी रोज आती हैं. बराबर जब हम चाय चढाते हैं!"

मी खजील होऊन आत्यांना विचारलं, तर कळलं की फक्त गीताभाभी नाही. आमच्या लाईनीत कुणाच्या घरी कधी चहा होतो, ते आत्यांना पाठ झालं होतं. सकाळचा भाभीकडं, मग कोपऱ्यावरच्या लातूरच्या बाईकडं, दुपारचा मालकिणीकडं.

मी म्हटलं, "आत्या, लोक काय म्हणतील?"

"लोकं साखर जास्त घालत्यात. बाकी काय म्हणत न्हाईत."

*

माझ्या चुलतबहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. आहेर तर करायला हवा. आणि हप्ता नुकताच गेलेला! शेवटी हॉटेलमधल्या स्टीलच्या ताटांतली डझनभर न वापरलेली काढली. खालच्या बाजूला 'आपलंच घर' कोरलेलं होतं, पण मी म्हटलं, संसाराच्या ताटावर एवढं शुभ नाव कुणी लिहून देतं का! चमकीच्या कागदात बांधली आणि दिली.

पोरीच्या सासरी पॅकिंग फोडलं. तिच्या सासूनं ताट उलटं केलं आणि विचारलं, "हे काय गं?"

पोरगी भोळी. "आमच्या मावशीचं हाटेल हाय ना, हायवेला."

'होतं' म्हणायचं ती विसरली! तिकडं एकदम बातमी पसरली की पोरीची मावशी हायवेवरची हॉटेलवाली. पुढच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो तर आम्हाला पुढच्या रांगेत खुर्च्या. ह्यांना फेटा. आत्यांना दोनदा पान. मला उठावं की बसून राहावं, तेच कळेना.

चार दिवसांनी ह्यांच्या मोबाईलवर फोन आला. नवऱ्यामुलाचे चुलते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "संतोषराव, तुमच्यासारख्या मोठ्या मानसाला सांगायला लाज वाटती. पर जरा हातउसनं पाहिजे होतं!"

*

पिऊच्या शाळेत बाईंनी सगळ्यांना विचारलं, "तुमचे बाबा काय करतात?" कुणी सांगितलं शेती, कुणी कंपनीत, कुणी ड्रायव्हर.

आमची उभी राहिली. "माझे बाबा हप्ते भरतात."

बाईंनी हसून विचारलं, "आणि आई?"

"आई पण तेच. पण तिची शिफ्ट वेगळी असते."

पालकसभेत बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. मीही हसले. रस्त्यानं येताना मात्र पिऊचा हात जरा घट्टच धरला होता.

*

एका महिन्यात ह्यांचा ओव्हरटाईम बंद झाला आणि कार्डाचा हप्ता चुकला. लगेच वसुलीचे फोन सुरू झाले. आवाज पोरसवदा, पण बोलणं असं की ऐकवायचं नाही. ह्यांची झोप उडाली. फोन वाजला की भाकरी टाकून उठायचे.

एका रविवारी हे अंघोळीला गेले होते. मी कपडे धूत होते. फोन वाजला आणि आत्यांनी उचलला. स्पीकर चालू.

"कुठंय संतोष? पैसे खायला गोड लागले काय?"

आत्या म्हणाल्या, "मोरीत हाय. तू कोन? कुनाचा?"

"मी वसुली ऑफिसमधून बोलतोय."

"ते कळलं. गाव कंचं तुझं?"

"...दौंडजवळ."

"जेवलास का?"

"आजी, संतोषला फोन द्या."

"त्यो अंगाला साबन लावून उभा हाय, तसाच आनू का? पैसं त्यो देनारच हाय, आमच्यात बुडवत न्हाईत. तवर तू सांग. लगीन झालं का?"

मी हातातला पिळा तसाच धरून ऐकत होते. त्या पोराचा आवाज हळूहळू खाली आला. म्हणाला, "न्हाई आजी. पोरीवाल्यांना हे काम पसंत पडत न्हाई. आन् माझ्याच गाडीचं दोन हप्ते थकल्यात."

आत्या हळहळल्या. "अरं देवा! मग तुला कोन फोन करून शिव्या देतं?"

"आमच्याच हापिसातला हाय. शेजारच्या टेबलावर बसतो!"

हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा आत्या त्या पोराला समजावत होत्या, "त्याच्याशी भांडू नको. त्याचंबी पोट हाय." पुढच्या आठवड्यात ह्यांनी उसनवारी न करता, एक जादा शिफ्ट मारून हप्ता भरला. फोन यायचा तरी थांबेना. पण आता पोरगं विचारायचं, "दादा, आजी हायत का घरी?"

*

गंठण बँकेत, म्हणून मी एक ग्रॅमचं घालायची. बाजारातलं, पिवळंधमक. खऱ्यापेक्षा जास्त चमकायचं.

शिफ्ट सुटल्यावर मी रस्त्याच्या कडेनं चालत होते. मागून बाईकवर दोघं आले आणि गळ्याला हिसका! मी खाली पडले. गंठण गेलं. मानेवर ओरखडा, गुडघा फुटला. सोबतच्या पोरींनी ह्यांना फोन केला आणि मला पोलीस चौकीवर नेलं.

हवालदारांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. चांगला माणूस. पेन काढून म्हणाले, "बोला ताई. किती तोळ्याचं होतं?"

मी म्हटलं, "तोळ्याचं नाही साहेब. दोनशे रुपयांचं."

पेन थांबलं. "दोनशे?"

"म्हणजे विकणारी अडीचशे म्हणत होती. मी घासाघीस केली."

तेवढ्यात हे धापा टाकत आले. चेहरा पांढराफटक. आधी माझी मान बघितली, गुडघा बघितला. मग गळा मोकळा दिसला तसं त्यांच्या लक्षात आलं, आणि मटकन बाकड्यावर बसले. हसताहेत का रडताहेत तेच कळेना. "अगं, खरं बँकेत हाय! बँकेत हाय ते!"

तीन वर्षं रोज ते गंठण गहाण पडल्याचं बोलून दाखवून स्वतःला खाणारा माणूस तो. हवालदारांना हात जोडून म्हणाला, "साहेब, आयुष्यात एवढंच एक शहाणपनाचं काम झालंय माझ्या हातनं!"

हवालदार म्हणाले, "ते चोरालाबी आता कळलं असंल."

*

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी ह्यांनी सुट्टी टाकली. दाखला आणायला म्हणून शिरूरच्या ब्रँचमध्ये गेलो. मॅडमनी सही केली, शिक्का मारला, कागद दिला. हे उठेनात.

मॅडम म्हणाल्या, "झालं तुमचं काम."

"व्हय, झालं."

"मग अजून काही हवंय?"

"न्हाई मॅडम. एवढ्या चकरा मारल्या इथं, पर आज पहिल्यांदा हा पंखा गार लागतोय. पाच मिन्टं बसू का?"

मॅडमनी शिपायाला सांगून पंखा एकनं वाढवला.

*

बँकेतून आम्ही थेट वडगाव रासाईला गेलो, मामांना सांगायला. मामा म्हणजे माझे सासरे. मळ्यात एकटेच राहायचे. स्वतःचं स्वतः करून खायचे. माणूस अबोल. कर्जाबद्दल त्यांनी एवढ्या दिवसांत एक शब्द काढला नाही. चांगला नाही, वाईट नाही.

आणि सणसवाडीला आमच्या खोलीवरही ते कधी आले नव्हते. मी दर सणाला बोलवायची. "मामा, या की चार दिवस. पिऊ वाट बघती." दर वेळी काहीतरी निघायचं. कधी रात्रीची लाईट, कधी उसाला पाणी. गेल्या वर्षभर तर एकच, उसात बिबट्या आहे, घर सोडता येत नाही. बिबट्या खरंच होता. सगळ्या गावानं बघितला होता. तरी आत्या चिडायच्या. "म्हातारा काय राखन करतोय का त्याची!"

आम्ही गेलो तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. आत्या आणि पिऊ आमच्या आधीच एस्टीनं पोचल्या होत्या. ह्यांनी कागद पुढं केला. मामांनी घेतला नाही.

"फिटलं?" त्यांनी विचारलं.

"फिटलं, दादा."

"समदं?"

"समदं. कार्डाचंबी, गंठणाचंबी."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग ते उठले आणि आत गेले. आम्हाला वाटलं, देवाला साखर ठेवायला गेले असतील.

बाहेर आले ते पिशवी घेऊन. आत धुतलेली दोन धोतरं, टोपी, टॉवेल, सगळं घडी घालून भरलेलं होतं. वर गुळाची ढेप. एवढ्या वेळात भरून होणारी पिशवी नव्हती ती. आत्या तिच्याकडं बघतच राहिल्या. मामांनी कुलूप लावलं, चावी शेजारच्या मळ्यात देऊन आले आणि पायात वहाणा सरकवल्या.

"चला."

"कुठं?" ह्यांनी विचारलं.

"तुझ्याकडं. म्हैनाभर ऱ्हायचं म्हनतो. पोरी, च्या जरा गोड कर गं माझा."

पिऊनं पळत जाऊन त्यांचा हात धरला. आत्यांनी पदर तोंडाला लावला होता. तसंच त्यांनी विचारलं, "आन् त्यो बिबट्या?"

मामा पुढं चालायला लागले होते. मागं वळून न बघता म्हणाले, "बघंल त्याचं त्यो!"