माझ्या बाथरूमचं डेब्रिज

बाबांच्या उजव्या पायाला तीनच बोटं आहेत. दोन गेली ती खाडीच्या चिखलापायी. मासेमारीला जाताना बाबा जन्मभर ज्या चिखलातून अनवाणी होडीपर्यंत गेले, तिथेच कुणीतरी कुठल्याशा घरातून काढलेल्या फुटक्या लाद्या आणून ओतलेल्या. त्यातला एक तुकडा पायात घुसला. शुगर होतीच, जखम भरेना, शेवटी बोटं कापावी लागली. म्हणून वर्तकनगरच्या आमच्या फ्लॅटचं बाथरूम तोडायचं ठरलं तेव्हा मी घरात आधीच सांगून टाकलेलं, यातला एक तुकडा खाडीत जाता कामा नये. नवरा म्हणाला, तू काय डंपरच्या मागे धावणार आहेस का? म्हटलं, वेळ आली तर धावेन.

कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर म्हणे, ताई, टेन्शन घेऊ नका, आपल्या सेटिंगची जागा आहे. सेटिंगची जागा म्हणजे खाडीचा काठ, हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. माझं डोकंच सणकलं. तोडफोडीचा राडारोडा, म्हणजे डेब्रिज, घेणारं पालिकेचं केंद्र आहे, तिथेच गाडी जाईल आणि मी माझ्या वडिलांना घेऊन गाडीत बसेन, असं त्याला तोंडावर सांगितलं. तो हसला. हसू दे मेला.

सकाळी भाड्याचा डंपर खाली लागला आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गोणी थेट खाली सोडायला सुरुवात केली. आमच्याकडे पद्धतच आहे ही. एकाने खाली उभं राहून ‘साइड, साइड’ करायचं, की झाली सगळी काळजी घेऊन. दुसरीच गोणी फाटली आणि कमोडचा सुरीसारखा तुकडा सोसायटीच्या बाकड्यावर येऊन पडला. रोज तिथे म्हाताऱ्या बायका बसतात. त्या दिवशी नव्हत्या, इतकंच. मी गॅलरीला कुलूप घातलं, किल्ली ब्लाउजमध्ये टाकली आणि जिन्याने न्या म्हटलं. गोणी अर्धीच भरायची, धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडायचं, काच आणि कमोडचे तुकडे वेगळ्या पिंपात. सगळ्यांना हातमोजे मी स्वतः आणलेले. मजूर कुरकुरले, पण पाठी वाचताहेत म्हटल्यावर गप्प झाले.

खाली बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. डंपर त्यांनी होडी भरतात तसाच भरून घेतला. सिमेंटचे जड ठोकळे तळाला आणि मधोमध, लाद्या आडव्या, दोन्ही बाजूंना सारखं वजन, मग हलक्या गोण्या. एक मजूर वर आणखी रचायला लागला तर बाबांनी काठीनेच त्याला अडवलं. “काठाच्या वर नको. होरी असती त बुरली असती.”

कॉन्ट्रॅक्टर वैतागला. अहो काका, ही काय होडी आहे का, दोन खेपा होतील. मी म्हटलं, होऊ देत. रस्त्यात वरची लादी घसरून मागच्या स्कूटरवाल्याच्या डोक्यात पडली तर तुम्ही जाणार का त्याच्या घरी सांगायला? ताडपत्री घट्ट बांधून झाल्याशिवाय मी गाडी हलू दिली नाही.

बाबा आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. माजिवड्याच्या सिग्नलला त्याचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला आणि कॉन्ट्रॅक्टरचा आवाज गाडीभर झाला. बाईला कुठेतरी चहाला उतरव आणि नेहमीच्या जागेवर खाली कर. ड्रायव्हर माझ्याकडे बघेना. मी फोनकडे वाकून म्हटलं, “बाई उतरत नाही. बाईला चहा नको.” पुढे तो मुकाट्याने केंद्राच्या रस्त्याला लागला.

केंद्रावर ताडपत्री सोडली. जसं भरलेलं तसंच सगळं होतं, एक गोणीसुद्धा सरकलेली नव्हती. डंपरचा मागचा फाळका उघडला आणि माझ्या लाद्या धडधडत खाली आल्या. बाबा जरा लांब उभं राहून शेवटचा तुकडा पडेपर्यंत बघत होते. इतकी वर्षं जीभ रेटत नव्हती ते बोलून गेले. “बाबा, मागे आमचं किचन तोडलं ना, तेव्हा माल कुठे टाकला ते मी विचारलंच नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर हाच होता. आणि मग दोन महिन्यांनी तुमचा पाय…”

बाबांनी काठीने ढिगाकडे दाखवलं. मग म्हणाले, “लादीवर कुनाचा नाव लिवलेला नसतं गो बाय.”

माझी समजूत घालत होते ते. मला ती नको होती. मला स्वतःचाच इतका राग आलेला की डोळ्यांतलं पाणीसुद्धा गरम लागत होतं.

खिडकीतल्या माणसाने पावतीपुस्तक उघडलं आणि डेब्रिज कुणाचं, म्हणून विचारलं. ड्रायव्हर सवयीने कॉन्ट्रॅक्टरचं नाव सांगायला लागला. मी त्याला बाजूला केलं.

“माझं आहे,” म्हटलं. “माझं नाव लिहा. आणि आडनाव माहेरचं लिहा, कोळीवाड्यातलं.”